मरणाचे भय व जिवंतांचे देणे

(चांदूर रेल्वे तालुक्यातील एका खेड्यात श्री गाडगेबाबांच्या पुण्यतिथीस तेथील शाळेच्या गुरुजींनी गावकरी मंडळींपुढे केलेले भाषण.)



आज २० डिसेंबर. १९५६ साली याच तारखेस गाडगेबाबांनी आपल्याच जिल्ह्यात, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच देह ठेवला. दरसाल या दिवशी आपण सकाळी गाव झाडतो, रात्री भजन करतो, व मधल्या वेळात कोणीतरी चार शब्द बोलतो. यंदा ते काम तुम्ही माझ्यासारख्या शाळामास्तरावर टाकले आहे. मी कीर्तनकार नाही, शास्त्री तर नाहीच नाही. ट्रेनिंग कॉलेजात मुलांना बेरीज-वजाबाकी कशी शिकवावी एवढे शिकलो व तेवढ्याच शिदोरीवर वीस-बावीस वर्षे पोट भरीत आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात वेदान्त सापडला नाही तर राग मानू नका.

विषय मात्र मी मुद्दाम अवघड घेतला आहे. काल ओट्यावर बसलेल्या मंडळींनी "गुरुजी, उद्या काय बोलता?" असे विचारले व मी "मरणाविषयी" म्हणून सांगितले, तेव्हा एक म्हातारबा उठून चालतेच झाले. एक काकू म्हणाल्या, "चांगल्या दिवशी असं अभद्र काऊन बोलता, गुरुजी?" आता पाहा, आजचा दिवस हा एका थोर माणसाच्या मरणाचाच दिवस आहे. त्याच्या नावाने आपण जमलो आहोत. तरीसुद्धा मरणाचे नाव काढले की आपण उठून जातो. हे असे उठून जाणे आपल्याला किती महाग पडते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे; आणि ते मी दुसऱ्याच्या नव्हे, माझ्याच चुकांवरून सांगणार आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा आईबरोबर निंदणाला गेला होता. सोयाबीनच्या तासात त्याला साप चावला. पोराला उचलून लोकांनी शेजारच्या गावी मांत्रिकाकडे नेले. मी तिथे होतो. माझ्याजवळ मोटारसायकल होती. चांदूरचा दवाखाना अर्ध्या तासाच्या वाटेवर होता. मी एकदा म्हणालो, "दवाखान्यात नेऊ." दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी मला गप्प केले व मी गप्प बसलो. दोन तास झाडफूक चालली. मग पोराच्या पापण्या मिटू लागल्या तेव्हा सर्वांना दवाखाना आठवला. तो वाटेतच गेला. लवकर नेला असता तर तो वाचलाच असता असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही; पण वाचण्याची जी संधी होती ती आम्ही दवडली, आणि त्यात हा शिकलासवरलेला मास्तरही होता.

तिसऱ्या दिवशी शाळा भरली. हजेरी घेताना सवयीने माझ्या तोंडून त्याचे नाव निघून गेले. वर्ग चिडीचूप झाला. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, तो आता कुठी रायते?" मी गडबडलो. ट्रेनिंगमध्ये हा धडा नव्हता. मी आपले नेहमीचे उत्तर देऊन टाकले, "तो देवाघरी गेला, बेटा." मुले गप्प झाली व मला वाटले, सुटलो. पण आठ-दहा दिवसांनी पाहतो तो पहिलीतला एक पोरगा मारुतीच्या देवळासमोरून जाताना श्वास कोंडून पळत सुटतो. एक दिवस त्याला धरले व विचारले, तर म्हणाला, "देव पोराईले घेऊन जाते ना, गुरुजी!"

बंधूंनो, त्या दिवशी मला झोप आली नाही. मी त्या मुलांना धीर दिला असे समजत होतो. प्रत्यक्षात मी माझी सुटका करून घेतली होती, आणि एका कोवळ्या जिवाच्या मनात नवे भय पेरून ठेवले होते. त्या रात्रीपासून मी या मरणाच्या भीतीचा विचार करू लागलो. जे थोडे मला उमगले ते आपणापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही, की मरणाची भीती वाटणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ती मुंगीला आहे, बैलाला आहे, तशी माणसालाही आहे. विस्तवावरून हात आपोआप मागे येतो, तशी ही भीती जिवाच्या रक्षणासाठी निसर्गानेच दिलेली आहे. "आम्ही मरणाला भीत नाही" अशी बढाई मारणारे पुष्कळ पाहिले. छातीत कळ आली की तेच आधी ओरडतात. भीती ही वाईट नव्हे. भ्यालेला माणूस कोणाच्या दारात जाऊन उभा राहतो, यावर सारे अवलंबून आहे.

आता त्या मुलाचे आईबाप मांत्रिकाकडे का गेले? ते मूर्ख होते काय? मुळीच नाही. त्यांच्यासारखी कपाशी तालुक्यात फार थोड्यांची पिकते. पण भ्यालेल्या माणसाला आधी उपाय नको असतो, आधी हमी हवी असते. डॉक्टर म्हणतो, "प्रयत्न करतो, आताच काही सांगता येत नाही." मांत्रिक म्हणतो, "काही होत नाही, उतरवून देतो!" खरे बोलणारा एक व खोटा धीर देणारा एक, असे दोघे समोर उभे असले की भय आपल्याला त्या दुसऱ्याच्या ओटीत नेऊन टाकते. या देशात सर्पदंशाने दरसाल सुमारे ५८ हजार माणसे मरतात असा जाणकारांचा अंदाज आहे, व त्यांत बहुतेक तुमच्या-आमच्यासारखी खेड्यातली, शेतात राबणारी माणसे आहेत. सापाच्या विषावर औषध आहे. खोट्या धिरावर मात्र औषध नाही.

उलट, भीतीने माणसाला जिथे ज्ञानाच्या दारात नेले तिथे काय झाले तेही पाहा. आपल्या आज्या-पणज्या देवीच्या रोगाचे नाव घेत नसत. "माय आली" म्हणत व हात जोडून बसत. घरोघरची लेकरे गेली, डोळे गेले. पुढे देवी काढणारे लोक गावोगाव हिंडले. लोक त्यांना भिऊन धान्याच्या कणगीत मुले लपवीत, तरी ते हटले नाहीत. १९७५ साली या देशातला देवीचा शेवटचा रोगी झाला व १९८० साली सबंध पृथ्वीवरून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाला सरासरीने पंचवीस वर्षांच्या आसपास आयुष्य मिळत असे. आज ते सत्तरीच्या घरात गेले आहे. हे नवसाने झाले नाही. स्वच्छ पाणी, लस, औषध व बाळंतिणीची नीट व्यवस्था, यांनी झाले. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले ते काही रस्ता शोभिवंत दिसावा म्हणून नव्हे. घाण, दारू, अज्ञान व कर्ज ही मरणाची चार दारे आहेत, हे त्यांनी घरातच पाहिले होते. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायीच अकाली गेले, तेव्हा डेबू अवघा आठ वर्षांचा होता.

परंतु हे सर्व करूनही मरण मागे सरकते. ते नाहीसे होत नाही. सत्तर काय, शंभर वर्षे जगलो तरी एक दिवस तो निरोप यायचाच. तेव्हा काय करावे? इथे दवाखाना पुरा पडत नाही. इथे माझी दुसरी चूक सांगितली पाहिजे, व ती सांगताना मला जड जाते.

माझे वडील आठ वर्षांपूर्वी वारले. तंबाखूने तोंडाला कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, फार तर चार महिने, असे स्पष्ट सांगितले. घरी येताना मी सर्वांना ताकीद दिली की, बाबांना काही कळू द्यायचे नाही. त्यांना आम्ही "तोंडात फोड आहे, उन्हाळा सरला की बसेल" असे सांगत राहिलो. म्हातारा आयुष्यभर ढोराढवळ्यांत वावरला होता. कोणते जनावर उठणार व कोणते उठणार नाही हे तो लांबून सांगत असे. त्याला स्वतःचे कळत नव्हते असे थोडेच आहे! एक दिवस संध्याकाळी मला जवळ बोलावून म्हणाले, "कागद घे. काही लिहून घेजो." मी म्हणालो, "बाबा, तुम्ही बरे व्हा, मग लिहू." दुसऱ्यांदा म्हणाले. मी दुसऱ्यांदाही तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा ते काही बोललेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजले. त्यानंतर मी औषध आणायला जात असे, डबा आणायला जात असे, रिपोर्ट आणायला जात असे. सगळीकडे जात असे, फक्त त्यांच्या खाटेजवळ बसत नसे. लोक म्हणत, मास्तर बापासाठी केवढी धावपळ करतो! माझे मला ठाऊक होते की, मी पळत होतो. मांत्रिकाला मी पुढे नावे ठेवली, परंतु माझ्या बापाच्या खाटेशी मी स्वतःच मांत्रिक झालो होतो. "काही होत नाही, काही होत नाही" हाच माझाही मंत्र होता.

ते गेले. मग आपल्या रिवाजाप्रमाणे कौंडण्यपूरला वर्धेच्या पाण्यात राख सोडली व तेरवी केली. भाऊबंद म्हणाले, "मास्तराचा बाप आहे, पाचशे पान तरी उठलं पाहिजे." पाचशे पान उठले. साठ हजार रुपये खर्च आला. त्यांतले निम्मे मी व्याजाने काढले होते. मनात असे होते की, जिवंतपणी बापाजवळ बसलो नाही, निदान मेल्यावर तरी काही कमी पडू नये.

चौदा महिन्यांनी आमच्याच आळीतली एक विधवा बाई संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बोलेना. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "गुरुजी, मुलीचं लग्न ठरलं. तुमच्या बाबांजवळ माझे अठरा हजार ठेवले होते. दारू पिणाऱ्या भावाच्या हाती लागू नये म्हणून ठेवले होते. कागद काही नाही. तुम्हाला खरं वाटलं तर द्या, नाही तर राहू द्या." माय-बाप हो, माझ्या डोळ्यांपुढे तो कागद उभा राहिला, जो मी दोनदा घेतला नाही. माझा बाप मरणाला भ्याला नव्हता. त्याला एका गरीब बाईच्या ठेवीचे सांगून मोकळे व्हायचे होते, आणि मी त्याला मोकळे होऊ दिले नाही. ही बाई तेरवीच्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात भांडी घाशीत होती. तिच्या अठरा हजारांचे ओझे घरात असताना आम्ही साठ हजारांची पंगत घातली, व त्याला पितृऋण फेडणे असे नाव दिले!

पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे, तुमच्यातले कितीतरी जण यात्रेला गेले असतील. त्याच ठिकाणी गाडगेबाबांनी आपल्या लोकसेवेला हात घातला. यात्रेकरूंसाठी घाट व धर्मशाळा उभारण्यात देह झिजविला. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटणे. नदीत बुडी मारली म्हणून अठरा हजार फिटत नाहीत. मी त्या बाईचे पैसे दोन हप्त्यांत परत केले, त्या दिवशी बाप गेल्यानंतर पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. मृतांचे देणे ते हेच. ते जिवंतांना द्यावे लागते.

मेलेल्याच्या वाटेवर वैतरणी नदी आहे, ती गाईच्या शेपटाला धरून ओलांडावी लागते, म्हणून गोदान करा. पिंडाला कावळा शिवला नाही तर जीव अडकतो, म्हणून अमुक करा. या गोष्टींनी बहुजनसमाजाला किती पिढ्या नागविले हे सत्यशोधकांनी जलशांतून या वऱ्हाडातही कानीकपाळी ओरडून सांगितले. शोकाने डोळे भरलेले असताना हिशेब कोणाला सुचतो? तीच वेळ साधून भिक्षुकशाहीने हात पसरला. पण आज सगळा दोष तिकडे ढकलून आपण नामानिराळे राहू म्हटले तर ते खरे होणार नाही. माझ्या बापाच्या तेरवीत भटजीने जे नेले ते थोडके होते. पाचशे पानांची अट घालणारे माझे भाऊबंदच होते, आणि "लोक काय म्हणतील" म्हणून मान डोलावणारा मी होतो.

आणि तेरवी न केल्याने जर जीव अडकत असेल, तर मला एवढेच सांगा: २०२१ साली काय झाले? त्या वर्षी फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा सगळ्यांच्या आधी आपला अमरावती जिल्हा बंद झाला. त्या उन्हाळ्यात किती माणसे गेली, त्यांना खांदा द्यायला चार माणसे मिळाली नाहीत, पंगती तर कुठच्या! त्यांतल्या कोणाचा बाप वेशीवर अडकून बसला आहे? कोणाच्या स्वप्नात येऊन त्याने बुंदी मागितली? त्या घरांतल्या लोकांना विचारा की, कशाची रुखरुख राहिली. तेरवी राहिली असे कोणी म्हणत नाही. "शेवटी जवळ बसता आले नाही, हात हातात घेता आला नाही," हेच सांगतात. त्यांना जवळ बसू दिले नव्हते. मला कोणी अडविले नव्हते, तरी मी बसलो नाही.

ज्यांनी मरणाकडे पाठ न फिरविता ते पाहिले अशी माणसे आपल्याच समाजात होऊन गेली. महात्मा जोतीराव फुल्यांना १८८८ साली पक्षाघाताचा झटका आला व उजवे अंग लुळे पडले. दिवस थोडे उरले हे कळत होते. त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला व 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि पुस्तक १८९१ साली छापून निघाले. त्यांनी आपले मृत्युपत्रही १८८७ सालीच, म्हणजे धडधाकट असताना, करून ठेवले होते. त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून दत्तक मुलाच्या हक्काचा वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे झाल्या. त्या काळात एका बाईने प्रेताच्या पुढे चालावे, हे केवढे धैर्य! पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग आला. सारे गाव सोडून पळत असताना सावित्रीबाई रोग्यांना उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर आणले. त्यातच त्यांना प्लेगाने गाठले व १० मार्चला त्या गेल्या. त्यांना मरणाची भीती वाटत नसेल काय? वाटतच असेल. पण पाठीवर दुसऱ्याचे लेकरू असले म्हणजे भीतीकडे पाहायला उसंत राहत नाही.

गाडगेबाबांची गोष्ट तर तुम्हाला पाठ आहे. १९२३ साली ते कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. कुत्रे चावल्याचे निमित्त झाले होते. बाबांनी कीर्तन बंद केले नाही. ही गोष्ट सांगून काही लोक आयाबायांना दटावतात, "बाबा रडले नाहीत, तू काय रडतेस?" मला हे पटत नाही. बाबांनी घर १९०५ सालीच सोडले होते. सगळ्या जगाचे दुःख त्यांनी आपले करून घेतले होते, म्हणून आपले एक दुःख ते त्यात मिसळू शकले. आपण घरसंसारी माणसे. ज्या आईचे लेकरू गेले तिने रडावे, पोटभर रडावे, आणि आपण तिच्याजवळ मुकाट्याने बसावे. बाबांपासून घ्यायचे ते दुसरेच आहे. त्यांनी शाळा, धर्मशाळा, गोरक्षण, लाखोंच्या इस्टेटी उभ्या केल्या. जाताना त्यांच्याजवळ खापर, काठी व चिंध्या होत्या. आपली मूर्ती करू नका, देऊळ बांधू नका, असे ते बजावीत. ज्याने सगळे आधीच ज्याचे त्याला देऊन टाकले त्याच्यापासून मरण ते काय हिसकावून नेणार? आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे गरीब रोगी व त्यांचे नातेवाईक आसऱ्याला राहतात. मरणाच्या दारातल्या माणसाला एकटे पडू न देणे, हे काम त्यांच्या मागेही चालू आहे.

मोझरीचे तुकडोजी महाराज तर तुमच्या-आमच्या घरचे. त्यांनी 'ग्रामगीते'त गावच्या आरोग्याला, लग्नाला जशी जागा दिली तशी अंत्यसंस्कारालाही एक स्वतंत्र अध्याय देऊन दिली. शेवटी त्यांनाही कर्करोगानेच गाठले व ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गुरुकुंजातच गेले. मरणाची व्यवस्था हीसुद्धा गावाची व्यवस्था आहे, हे त्यांनी ओळखले होते.

इथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाणे पाप होईल. मी "मरणाला पाठ दाखवू नका" म्हणतो, याचा अर्थ "जिवावर उदार व्हा" असा कोणी करू नये. आपल्या या मुलखात, अमरावती, यवतमाळ, अकोला या जिल्ह्यांत, कर्जापायी व नापिकीपायी कितीतरी कर्त्या शेतकऱ्यांनी आपल्या हाताने जीवन संपविले. त्यांची मरणाची भीती गेली ती ज्ञानाने नव्हे. जगण्याचीच भीती तिच्यापेक्षा मोठी झाली होती. त्यांनाही कोणाजवळ तरी खरे बोलायचे होते, आणि आपण "होईल सगळं ठीक" म्हणून पुढे गेलो. हाही खोटा धीरच. ज्याने बोलणे सोडले, जो पंगतीत येईनासा झाला, त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. कर्जाचा आकडा स्पष्ट विचारा व दोघे मिळून बँकेत जा. सरकारचा १४४१६ हा टेलि-मानस दूरध्वनी रात्रंदिवस चालतो, तिथे मराठीत बोलता येते. तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. कर्ज माणसापेक्षा मोठे नाही. मेलेल्या बापाच्या नावाने पोराला मदत मिळत असेल, पण बोट धरायला बाप मिळत नाही.

आता करावयाचे काय? मी चारच गोष्टी सांगतो.

पहिली: धडधाकट असतानाच आपल्या देण्याघेण्याचा कागद करून ठेवा. कोणाचे किती द्यायचे, कोणाकडून किती यायचे, सातबारा, बँकेचे पुस्तक, विमा, वारसाचे नाव, हे सारे घरच्या बाईसकट सर्वांना ठाऊक असू द्या. कागद केल्याने मरण लवकर येत नाही. मी माझा केला, त्याला सहा वर्षे झाली. मी तुमच्यापुढे उभा आहे.

दुसरी: आजारी माणसाने विचारले तर त्याला खरे सांगा, गोडीने सांगा, त्याला पेलेल तेवढे सांगा, पण खोटे सांगू नका. आणि त्याने "कागद घे" म्हटले तर त्याच क्षणी कागद घ्या. बोलवत नसेल तर नुसते जवळ बसा. पाय चेपा, ओठ ओले करा. जाणाऱ्याला बहुधा मरणापेक्षा एकटे पडण्याचे भय जास्त असते, व ते भय घालविणे तुमच्या हातात आहे.

तिसरी: तेरवीचा खर्च गावाने ठरवून कमी करा. एकट्या माणसाला हे जमत नाही, मलाही जमले नाही. कारण एकट्याला चिक्कू म्हणतात. सर्वांनी मिळून ठरविले की त्यालाच गावचा नियम म्हणतात. घरचे व दूरचे पाहुणे जेवतील एवढेच करा. बाकीच्या पैशातून आधी मेलेल्याचे देणे फेडा. उरले तर शाळेत एक पुस्तक द्या, स्मशानात एक झाड लावा.

चौथी: साप चावला, छातीत दुखले, ताप उतरेना, तर सरळ दवाखाना गाठा. त्या वेळी जो "काही होत नाही" म्हणेल तो तुमचा सगळ्यात मोठा वैरी समजा, मग तो आपला सख्खा मामा का असेना.

बंधूंनो, हे सर्व करून मरणाची भीती पार जाईल काय? माझी तर गेलेली नाही. गेल्या हिवाळ्यात एका रात्री माझ्याच छातीत कळ आली. चांदूरला नेले, तपासले, पित्त निघाले. पण मोटारीत पडल्यापडल्या मी घाबरलो होतो हे कबूल करतो. मात्र एक फरक होता. माझा कागद झालेला होता. कोणाचे अठरा हजार माझ्याजवळ अडकलेले नव्हते. आणि बायकोने "काही होत नाही" असे म्हटले नाही, तिने माझा हात धरला व म्हणाली, "मी आहे इथंच." तेवढ्याने भीती गेली नाही, पण ती हातात मावेल एवढी झाली. माणसाला याहून जास्त मिळत असेल असे मला वाटत नाही.

शेवटी त्या मुलांचे सांगून आटोपतो. त्या पहिलीतल्या पोराला धरल्यानंतर मी वर्गात परत तो विषय काढला. म्हणालो, "मुलांनो, मी तुम्हाला त्या दिवशी बरोबर सांगितलं नाही. तो मेला. त्याचा श्वास थांबला, त्याला आता दुखत नाही, भूक लागत नाही, तो परत येणार नाही. देवानं त्याला पळवून नेलं नाही. त्याला साप चावला, आणि आम्ही मोठ्यांनी दवाखान्यात न्यायला उशीर केला." वर्गातली पोरे रडली, मीही रडलो. मग त्या पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारले, "मंग त्याचं नाव हजेरीतून खोडता काय?" मी म्हणालो, "या वर्षाच्या हजेरीत त्याचं नाव राहू देऊ." त्या वर्षी रोज त्याच्या नावाशी मी क्षणभर थांबत असे, आणि पुढे जात असे.

तो पहिलीतला पोरगा आता तिसरीत आहे. देवळासमोरून तो चालत जातो. मागच्या पावसाळ्यात शेतात एका मजुराला साप चावला, तेव्हा हाच पोरगा धावत माझ्याकडे आला व धापा टाकीत म्हणाला, "गुरुजी, गाडी काढा, लवकर!" मी गाडी काढली. या खेपेला कोणी मला गप्प केले नाही, आणि केले असते तरी मी बसलो नसतो. तो मजूर आज या सभेत बसलेला आहे.